इल्सबेच्या तोंडाचं टोपलं

कार्स्टन माइनेकेने ओकच्या लाकडात आपल्या बायकोचं तोंड कोरलं, हे आमच्या हाइनबोस्टेल गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कबूल मात्र तो कधीच झाला नाही.

"ही इल्सबे नाही," तो म्हणायचा. "हे असंच कुणीतरी आहे."

"अशी कुणीतरी आपल्या गावात एकच आहे," मेंढपाळ हिनरक म्हणायचा, आणि गुत्त्यातले सगळे टेबलावर हात आपटून हसायचे.

माळावर मधमाश्यांची टोपली ठेवणारा प्रत्येक जण रांगेतल्या एका टोपल्याला मुखवटा लावतो. चोराला धाक बसावा, कुणाची नजर लागू नये, म्हणून. कुणी जीभ काढलेला सैतान कोरतो, कुणी मिशीवाला शिपाई. माश्या त्याच्या तोंडातून आत-बाहेर करतात. कार्स्टनकडे त्याच्या बापाच्या वेळचा सैतान होता. तो कुजला, नाक गळून पडलं, तेव्हा एका हिवाळ्यात चुलीपाशी बसून कार्स्टनने नवा कोरायला घेतला. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे शिवायला होतो. आम्ही शिंपी घरोघर जाऊन शिवतो. जेवण त्या घरचं, कात्री आपली, आणि कान देवाने फुकट दिलेले.

इल्सबे कुट्टूची धिरडी घालत होती. मुखवटा पुरा होत आला तशी हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"नाक माझंच आहे," ती म्हणाली.

"नाक सगळ्यांनाच असतं."

"तोंड एवढं मोठं कशाला?"

"माश्यांना जायला-यायला वाट नको?"

"आणि कान कुठायत?"

"कानांचं काय काम? तू आजवर कुणाचं ऐकलंयस?"

"अरे ठोंब्या, ह्या घरात ऐकायचं काम माझ्याचकडे आहे. तू नुसता पाईप ओढतोस आणि धूर सोडतोस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शिंप्या, तू साक्षीला आहेस हं. ह्याने मला बहिरी केलीय."

मला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली. इल्सबेही हसली, आणि पहिलं धिरडं तिने नवऱ्याच्या ताटात न टाकता माझ्या ताटात टाकलं. तेवढी शिक्षा तिला पुरेशी वाटली असावी. दोघांचं असंच चालायचं. लग्न झाल्यापासून भांडत होते, आणि एक जण जरा गप्प बसला की दुसऱ्याला ताप भरल्याची शंका यायची.

तो मुखवटा मग रांगेच्या मधोमध बसला. टोपलं पेंढ्याचं, शेणाने सारवलेलं, आणि त्यावर इल्सबेचं नाक. चोर काही आले नाहीत. हिनरकचं म्हणणं, ते लाकडाला भीत नाहीत, मूळ बाईला भितात.

आता आमच्याकडचं उन्हाळ्याचं गणित सांगतो. हीदर, म्हणजे माळावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप, फुलायच्या आधी टोपली गाडीवर लादून माळावर न्यायची, कुंपणाच्या आडोशाला रांगेने मांडायची, शेजारच्या झोपडीत मुक्काम करायचा, आणि फूल करपलं की परत यायचं. तोवर बायको गावात एकटी. गाय तिची, डुक्कर तिचं, कुट्टूची कापणी तिची. रविवारी ती काळा पाव आणि खारवलेलं मांस घेऊन माळावर यायची. इल्सबे म्हणायची, "माझा नवरा लांबच्या नातेवाइकासारखा आहे. सणाला येतो, धुराचा वास मारतो, आणि चांगली उशी मागतो."

मुखवटा बसल्यानंतरच्या तिसऱ्या हीदरची गोष्ट. माळ असा फुलला होता की जांभळ्या रंगाने डोळे शिणावेत. वारा नाही, पाऊस नाही, हवा कोंदट आणि उबदार. अशी हवा मधाला मिळते कधीतरीच. हिनरकच्या मेंढ्या हीदरमधली कोळ्यांची जाळी तोडत पुढे, मागून माश्या. मेंढ्या नसतील तर निम्म्या माश्या जाळ्यांत अडकून मरतात, म्हणून हिनरक रोज कळप कार्स्टनच्या रांगेवरून न्यायचा आणि त्याच्या झोपडीपाशी मोजे विणत उभा राहायचा. पुढचं मला त्यानेच सांगितलं, आणि हिनरक सहसा खोटं सांगत नाही, कारण तेवढी कल्पना त्याच्याकडे नाही.

रविवारी इल्सबे पाव घेऊन आली. चेहरा पिठासारखा पांढरा. झोपडीच्या उंबऱ्यावर बसली आणि पोटाला हात लावून राहिली.

"काय झालं?" कार्स्टनने विचारलं. तो टोपली उंच करायला त्यांच्याखाली पेंढ्याची कडी लावत होता. मध एवढा येत होता की माश्यांना आत जागा उरली नव्हती.

"चालून दमले. ऐक, ह्या आठवड्यात एक दिवस घरी ये."

"ह्या आठवड्यात? बघतेस ना?"

"बघतेय. पण एक दिवस ये. तुझ्याशी बोलायचंय."

"मग बोल की."

"इथे नाही. इथे तुझा एक कान माझ्याकडे आणि एक टोपल्याकडे."

"हीदर संपला की येतोच आहे."

"हीदर काय, दरवर्षी असतो," इल्सबे म्हणाली. मग ती उठली, रांगेपाशी गेली, आपल्याच मुखवट्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू तरी सांग ह्याला." हिनरक हसला. कार्स्टनही हसला. ती गावाकडे निघाली. वाटेतल्या मोठ्या दगडावर बराच वेळ बसलेली हिनरकला दिसली, पण त्याला वाटलं, बाई ऊन खात बसलीय.

आठवड्याच्या मध्यावर त्यांच्या मुलीने, मेट्टाने, हिनरकबरोबर निरोप धाडला. मेट्टा शेजारच्या गावी दिलेली. आईला बरं नाही म्हणून ती धावत आली होती. निरोप असा होता की आई अंथरुणाला खिळलीय, बाबांनी यावं. कार्स्टनने आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेला ढग होते. पाऊस आला की फूल गळणार, मग वर्षभराचं संपलं.

"उद्या संध्याकाळी येतो म्हणावं," तो म्हणाला.

तो आलाही. शब्दाचा पक्का माणूस. आला तेव्हा घड्याळ थांबवलेलं होतं, आरशावर कापड टाकलेलं होतं, आणि मी खिडकीशी बसून इल्सबेचं शेवटचं वस्त्र शिवत होतो. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. अंगाला धुराचा आणि मधाचा वास.

"कधी?" त्याने विचारलं.

"सकाळी," मेट्टा म्हणाली.

"काही म्हणाली?"

मेट्टाने मान हलवली. "तुम्ही आलात का, एवढंच विचारत होती. मग तेही विचारायचं थांबली."

इल्सबेला काय बोलायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही. मेट्टाला तिने सांगितलं नव्हतं, पाद्र्याला नाही, शेजारणीला नाही. गावात अर्थात तर्क फुटले. कुणी म्हणालं, तिला दुखणं कळलं होतं. कुणी म्हणालं, मुलीकडे राहायला जायचं होतं. कुणी म्हणालं, गाय विकायची होती. मी ह्या गावातल्या प्रत्येक पेटीत कुठल्या कपड्याखाली काय दडवलंय ते सांगू शकतो, पण हे मलाही माहीत नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

घरातलं कुणी गेलं की टोपल्यांना सांगावं लागतं. नाही सांगितलं तर माश्या रुसतात, मरतात, असं आमची म्हातारी माणसं मानतात, आणि तरुण माणसं मानत नाहीत पण सांगतात. पुरून आल्यावर मेट्टा मला म्हणाली, "काका, बाबांच्या बरोबर जा. एकटे नकोत." म्हणून मी माळावर गेलो. ढग नुसतेच आले होते, पाऊस आला नव्हता. हीदर तसाच फुललेला, माश्या तशाच घुमत होत्या. एक दिवस येऊन गेला असता तर काही बिघडलं नसतं, हे तिथे उभं राहिल्यावर कुणालाही दिसत होतं. कार्स्टनलाही दिसत होतं.

तो रांगेच्या टोकाला गेला. पहिल्या टोपल्यावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाला, "मालकीण गेली. तुम्ही राहा." दुसऱ्यावर टकटक. "मालकीण गेली. तुम्ही राहा." असं करत तो मधोमध आला. तिथे त्याने हात उचलला आणि तो तसाच राहिला. मुखवट्याच्या तोंडातून माश्या भरल्या पोटाने आत जात होत्या, रिकाम्या बाहेर येत होत्या.

"शिंप्या," तो म्हणाला, "हिला काय सांगू?"

माझ्या जिभेला हाड नाही, असं गाव म्हणतं. त्या वेळी मी नुसती टोपी काढली. तो थोडा थांबला आणि पुढच्या टोपल्यापाशी गेला. मुखवट्याच्या टोपल्याला कुणी काही सांगितलं नाही.

सप्टेंबरअखेर निवड असते. प्रत्येक टोपलं दोन्ही हातांनी उचलून तोलायचं. फार हलकं असेल ते हिवाळा काढणार नाही, म्हणून ते गंधकाच्या खड्ड्यावर, माश्या धुराने मारायला. फार जड असेल तेही खड्ड्यावर, कारण मध तिथेच आहे, आणि तो सगळा हीदरचा. हीदरचा मध माणसाला औषध, पण हिवाळाभर कोंडून बसलेल्या माशीच्या पोटाला जड. ती आपल्या घरात घाण करत नाही, उन्हाच्या दिवसाची वाट बघते. पोट बिघडलं की तिला वाट बघवत नाही. म्हणून बेताच्या वजनाचीच टोपली ठेवायची. हे ह्या भागात कार्स्टननेच अर्ध्या लोकांना शिकवलं होतं.

हिनरक आणि मी हात लावायला गेलो होतो. खड्ड्यात चिरलेल्या काठीला गंधकाची चिंधी लावायची, पेटवायची, वर टोपलं ठेवून कडेने माती लोटायची. आत मोठा आवाज होतो, आणि मग पत्र्यावरचा पाऊस थांबावा तसा थांबतो. कितीही वेळा ऐकला तरी तो थांबण्याचा क्षण अंगावर येतो.

मुखवट्याचं टोपलं हिनरकने उचलायला घेतलं आणि तो कण्हला. "अरे बापरे. हे तर सगळ्यांत जड. इल्सबे मेल्यावरही वजन राखून आहे."

मी त्याला कोपर मारलं. कार्स्टन हसला नाही, रागावलाही नाही.

"ते खाली ठेव," तो म्हणाला.

"खड्ड्यावर?"

"नाही. राहणाऱ्यांत."

"कार्स्टन, हे पुरं हीदरने भरलंय. फेब्रुवारीपर्यंत आतून घाण होईल. तूच मला शिकवलंस ना? मी एकदा जड टोपलं ठेवलं होतं तेव्हा मला सगळ्यांसमोर गाढव म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"मग?"

"मग आता तू मला म्हण."

हिनरकने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने टोपलं हळूच राहणाऱ्यांत ठेवलं, एखादी आजारी बाई खुर्चीत बसवावी तसं.

गुत्त्यात ही बातमी माझ्या आधी पोचली होती, याचं मला जरा वाईटच वाटलं. कुणी म्हणालं, कार्स्टनला बायकोला गंधकाचा धूर द्यायचा धीर होईना. कुणी म्हणालं, त्याने देऊ नये, खाली नरकात तिला तो मिळतच असेल. लोक हसले, पण नेहमीसारखे नाही. टेबलावर हात कुणी आपटला नाही.

हिवाळ्यात टोपली घरामागच्या आडोशाला आली. मुखवट्याच्या तोंडात शेवाळ कोंबलं, एका माशीपुरती फट ठेवून. आता माश्या झोपतात. त्यांना झोपू द्यायचं असतं. नव्या वर्षानंतर एकदा जाऊन पेराने टकटक करायची आणि कान लावायचा. आतून आखूड हुंकार आला आणि लगेच विरला, तर सगळं ठीक. तेवढीच एकदा. कारण प्रत्येक टकटकीला माश्या दचकतात, दचकल्या की खातात, आणि खायला काय, तर तो जड मध.

कार्स्टन रोज टकटक करू लागला.

मी त्याच्याकडे कोट उसवायला गेलो होतो तेव्हा खिडकीतून पाहिलं. बर्फातून वाट पडली होती, स्वयंपाकघराच्या दारापासून सरळ त्या टोपल्यापर्यंत. दुसऱ्या टोपल्यांकडे पावलं नव्हती. तो टोपी काढायचा, टकटक करायचा, लाकडाच्या गालाला गाल लावून उभा राहायचा.

आत आल्यावर मी मुद्दाम विचारलं, "काय म्हणते?"

"काही नाही. 'हं' म्हणते."

"बरं आहे. जिवंतपणी एवढ्यावर कधी भागलं नव्हतं तुझं."

तो खुर्चीत बसला. गुडघ्यावरचा बर्फ वितळून जमिनीवर टिपकत होता. "झोपेत कूस वळताना म्हणायची तसं म्हणते," तो म्हणाला. "तेवढंच."

मी कोट उसवत राहिलो. त्याला चिडवण्यात मजा उरली नव्हती. दगडाला गुदगुल्या करण्यासारखं होतं ते.

मेट्टा रविवारी यायची. ती तर माश्यांच्याच घरात वाढलेली. पावलांची वाट बघितल्यावर तिला सगळं कळलं.

"बाबा, त्यांना झोपू द्या."

"एकदाच वाजवतो."

"रोज एकदाच. तुम्हाला माहीत आहे त्याने काय होतं."

"माहीत आहे."

"मग का वाजवता?"

"तिला काहीतरी सांगायचं होतं, मेट्टा."

मेट्टाने शालीचं टोक तोंडाला लावलं आणि भांडी घासायला गेली. घासलेली भांडीच ती पुन्हा घासत होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेणबत्त्यांचा सण आला. चर्चमध्ये द्यायचं मेण घेऊन कार्स्टन गावात आला आणि माझ्या दाराशी थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग होता.

"शिंप्या," तो म्हणाला, "आज ती पुष्कळ बोलली."

"म्हणजे?"

"टकटक केली आणि ती थांबलीच नाही. बराच वेळ बोलत होती. वर-खाली, वर-खाली. मी हात खाली घेतला तरी बोलत होती. मी परत जाईपर्यंत."

माझ्या हातातला दोरा तसाच राहिला. असा लांब, रडवा आवाज टोपल्यातून येतो तो कधी, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. आत राणी मेलेली असते किंवा माश्या मरत असतात. कार्स्टनला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याला ते ठाऊक आहे हेही मला दिसलं. तरी तो उभा होता, मेणाचा गोळा छातीशी धरून.

"काय म्हणाली?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार.

"शब्द लागले नाहीत," तो म्हणाला. "पण आवाज तिचाच."

त्यानंतर तो दिवसातून अनेकदा टोपल्यापाशी जाऊ लागला. आवाज दर वेळी थोडा बारीक व्हायचा. मग एक दिवस कार्स्टन माझ्या दाराशी थांबला नाही, तसाच पुढे गेला, आणि मला कळलं, आवाज बंद झाला.

मार्चमध्ये ऊन पडलं. सगळ्या गावातल्या माश्या पहिल्यांदा बाहेर पडल्या आणि बर्फावर तपकिरी ठिपके उमटले. बायका वाळत घातलेले कपडे आत घेत शिव्या देत होत्या. आमच्याकडे वसंत असाच येतो. कार्स्टनच्या रांगेतली टोपली घुमायला लागली, फक्त मधलं गप्प होतं. मुखवट्याच्या ओठांवरून हनुवटीवर तपकिरी ओघळ वाळले होते.

मेट्टा आणि मी होतो. त्याने ते उचललं. अजून जड होतं. उलटं केलं तेव्हा आंबूस वास आला. पोळी काळ्या-तपकिरी घाणीने माखलेली, मधोमध मेलेल्या माश्यांचा ओला गठ्ठा, आणि सगळीकडे मध. भरपूर मध, हात न लावलेला, मेणाचं झाकण घातलेला. सप्टेंबरमध्ये खड्ड्यावर ठेवलं असतं तर घराला वर्षभर पुरला असता. आता तो ना माणसाचा होता, ना माश्यांचा.

"पुरून टाकू, बाबा," मेट्टा म्हणाली. "दुसऱ्या माश्या चोरायला येतील, त्यांनाही हे दुखणं लागेल."

"थांब."

त्याने टोपलं सरळ केलं. जागेवर ठेवलं. टोपी काढली. मुखवट्याच्या बाजूला पेंढ्यावर पेराने टकटक केली. आतून काही आलं नाही, आणि त्याने वाटही पाहिली नाही.

"इल्सबे," तो म्हणाला, "तू गेलीस."

मग तो मेट्टाकडे वळला. "आता खणू."

काही म्हाताऱ्या अजून म्हणतात की ते टोपलं मेलं ते वेळेवर सांगितलं नाही म्हणून. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मध जड होता आणि टकटक रोजची होती, एवढं मला पुरतं.

मुखवटा मेट्टाला जाळायचा होता. कार्स्टनने तो राखेने घासून धुतला आणि चुलीवरच्या खुंटीला टांगला. रांगेला नवा मुखवटा त्याने कोरला नाही. माळावर आता त्याची टोपली नुसतीच उभी असतात, आणि चोरांनाही तिकडे जावंसं वाटत नाही.

मागच्या हीदरला मी त्यांच्या शेजारच्या घरी शिवत होतो. दुपारची वेळ होती, माळ ऐन भरात, अशी हवा की एकही माणूस टोपली सोडून हलणार नाही. खिडकीतून पाहिलं तर कार्स्टन गावात येत होता. टोपल्यांच्या राखणीला हिनरकला बसवून आला होता. घर उघडलं, आत गेला, दार उघडंच राहिलं. मला राहवलं नाही. मी गेलो. तो टेबलाशी बसला होता, हात मांडीवर, मुखवट्याच्या समोर. चूल थंड. गाय तर कधीच विकलेली.

"अरे, माळावर मध वाहतोय आणि तू इथे काय करतोस?"

"काही नाही," तो म्हणाला. "ती म्हणाली होती, एक दिवस घरी ये."

थोडा वेळ मीही बसलो. मग त्याने फडक्यात पाव बांधला, दार ओढून घेतलं आणि तो माळाकडे निघाला. पुढच्या आठवड्यातही तो एक दिवस आला होता, असं शेजारीण सांगत होती.